रस्त्याची आणि रानवाटेची गाडी

घोडा विकत घेणाराला जुनीं जाणतीं माणसें पहिला प्रश्न विचारीत तो असा कीं, जावयाचें कोठें? मिरवणुकीला उंच आणि देखणा अरबी घोडा शोभे; पण घाट उतरावयाचा, ओढा ओलांडावयाचा आणि मिळेल त्या चाऱ्यावर लांब मजल मारावयाची, तर दक्षिणेंतला स्वार भीमथडीच्या तट्टावर विसंबे. तट्टू ठेंगणें, पण काटक. विसाव्या शतकांत हाच प्रश्न लोखंडी घोड्याच्या बाबतींत नव्या रूपानें उभा राहिला. पक्क्या रस्त्यावर शेंकडों किलोमीटर न थकवितां नेणारी, आणि रस्ता संपला म्हणजे दगड, वाळू व चिखल यांतूनहि पार पाडणारी अशी एकच मोठी मोटारसायकल असूं शकते काय? आणि असली, तर ती निवडावी कशी? या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण त्यांत यंत्रशास्त्र जितकें आहे, तितकाच मनुष्यस्वभावहि आहे.

या दोन गरजा मुळांतच एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पक्क्या रस्त्यावर गाडीचें वजन फारसें नडत नाहीं. उलट जड गाडी वाऱ्यानें हेलपाटत नाहीं, मोठें इंजिन थोड्या फेऱ्यांवर शांतपणें चालतें आणि स्वाराचें अंग आंबत नाहीं. आडवाटेवर मात्र हा सगळा हिशेब उलटतो. वाळूंत चाक रुततें तें वजनानें, उतारावर गाडी हातची जाते ती वजनानें, आणि ती आडवी झाली म्हणजे एकट्या माणसाला स्वतःच्या कंबरेच्या बळावर उभी करावी लागते. पुढचें चाक मोठें घेतलें तर तें दगडावरून सहज चढतें. पण रस्त्यावरील वळणांत तेंच चाक थोडें आळशीपणानें वळतें. इंजिनाखालीं मोकळी जागा अधिक ठेवावी, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांची हालचाल वाढवावी, तर बैठक उंच होते आणि ठेंगण्या स्वाराचे पाय अधांतरीं राहतात. एक साधावें तों दुसरें बिघडतें.

आरंभींच्या काळांत हा पेंच कोणाला पडलाच नव्हता. कारण पक्के रस्ते होते कोठें? गांवाबाहेर पडलें कीं धूळ, खडी आणि गाड्यांच्या चाकोऱ्या. १९१३ सालीं इंग्लंडांतील कार्लाइल येथें सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी प्रथम भरली, तेव्हां नेहमींच्या वापरांतल्या गाड्याच खराब वाटांवर चालवून त्यांचा टिकाऊपणा पाहिला गेला. १९२३ सालीं जर्मनींत मॅक्स फ्रिझ या अभियंत्यानें बीएमडब्ल्यू कंपनीकरितां आर ३२ ही गाडी रचली. तिचीं दोन सिलिंडरें डाव्या-उजव्या बाजूंस समोरासमोर आडवीं होतीं, आणि मागील चाकाला गति मिळे ती साखळीनें नव्हे, तर फिरत्या दांड्यानें. या घराण्याचा पुढील कथेशीं निकटचा संबंध आहे.

त्या काळच्या यंत्रांनीं काय साधलें याचें एक उदाहरण पुरेसें आहे. ११ डिसेंबर १९३४ रोजीं थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोन इंग्रज स्त्रिया लंडनहून दक्षिणेकडे निघाल्या. त्यांची पँथर मोटारसायकल ६०० सीसीची, तिला बाजूची गाडी जोडलेली आणि मागें सामानाचा गाडा. एवढा संसार घेऊन त्यांनीं सहारा वाळवंट ओलांडलें आणि २९ जुलै १९३५ रोजीं केपटाऊन गांठलें. तेथें ओझें फार होतें. पण ढकलावयास दोघी होत्या, आणि घाई कोणासच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत रस्ते सुधारले आणि गाड्यांच्या जाती वेगळ्या झाल्या. एक जात रस्त्यावर वेगानें पळूं लागली, दुसरी शर्यतीच्या मैदानांत चिखल उडवूं लागली. मधली जागा रिकामी राहिली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील हौशी स्वारांनीं ती आपल्या परीनें भरून काढली. ब्रिटिश बनावटीच्या ५०० व ६५० सीसीच्या ट्रायंफ गाड्या घ्यावयाच्या, अनावश्यक भाग काढून टाकावयाचे, धुराची नळी वर चढवावयाची आणि रुंद टायर बसवावयाचे, असा त्यांचा परिपाठ पडला. गाड्या दणकट झाल्या. पण हलक्या झाल्या असें म्हणतां येणार नाहीं.

खरें वळण मिळालें तें जपानकडून. १९६८ सालीं यामाहा कंपनीनें डीटी-१ ही २४६ सीसीची गाडी अमेरिकेंत विक्रीस आणली. पेट्रोलाविना तिचें वजन सुमारें ११२ किलो. दिवा, आरसा, क्रमांकाची पाटी हीं सर्व कायदेशीर लक्षणें तिला होतीं. म्हणजे घरापासून रानापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर जाई, रानांत हुंदडे आणि परत येई. लांबच्या प्रवासाला मात्र तिचा जीव लहान होता. ही उणीव ओळखून त्याच कंपनीनें १९७६ च्या सुमारास एक्सटी ५०० बाजारांत आणली. एकच सिलिंडर, चार ठोक्यांचें ४९९ सीसीचें इंजिन, आणि भाग मोजके. मोठें एकेरी सिलिंडर मंद फेऱ्यांवरहि जोरानें ओढतें, आणि वाटेंत बिघडलें तर साध्या हत्यारांनीं उघडतां येतें, हा त्याचा गुण. अंग थरथरविणें आणि लाथ मारून सुरू करतांना पायाची परीक्षा पाहणें, हा त्याचा दोष. तरीहि रस्त्याची मोठी गाडी आणि रानाची हलकी गाडी यांची सोयरीक जुळविण्याचा हा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न म्हणतां येईल.

या गाडीची कसोटी लवकरच लागली. जानेवारी १९७७ मध्यें आबिजान ते नीस या शर्यतींत थिएरी साबीन नांवाचा फ्रेंच स्वार एक्सटी ५०० वरून जात असतां लीबियाच्या वाळवंटांत वाट चुकला. पाणी नाहीं, माणूस नाहीं, सावली नाहीं अशा स्थितींतून तो जेमतेम वांचला. ज्या वाळवंटानें त्याला जवळजवळ गिळलेंच होतें, त्याचीच त्याला ओढ लागली. २६ डिसेंबर १९७८ रोजीं त्याच्या योजनेप्रमाणें १८२ वाहनें पॅरिसहून सेनेगलमधील डाकारच्या दिशेनें निघालीं. सुमारें १०,००० किलोमीटरांच्या त्या वाटेच्या अखेरीस ७४ वाहनेंच पोहोंचलीं. त्या पहिल्याच वर्षीं एका मोटारसायकलस्वाराचा बळी गेला. मोटारी आणि मोटारसायकली यांची गणना तेव्हां एकत्र होती, आणि सर्वांत पहिला आला तो सिरिल नेव्हू हा बावीस वर्षांचा तरुण, एक्सटी ५०० वर. पुढील वर्षींहि तोच त्याच गाडीवर जिंकला. चारचाकी यंत्रांना मागें टाकणारें तें एका सिलिंडराचें तट्टू पाहून साऱ्या युरोपचें लक्ष या नव्या जातीकडे वेधलें.

याच सुमारास बीएमडब्ल्यू कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा अडचणींत आला होता. गाड्या जड, महाग आणि जुन्या वळणाच्या ठरत होत्या; तो विभाग बंद करावा काय, असा विचारहि चालला होता. त्या वेळीं लाझ्लो पेरेस व त्याच्यासारखे कांहीं अभियंते आडवाटेच्या शर्यतींसाठीं ८०० सीसीच्या जोड-सिलिंडर इंजिनाची हलकी गाडी हौसेनें रचीत होते. नव्या व्यवस्थापकांनीं ती कल्पना उचलली आणि दोन वर्षांच्या आंत १९८० च्या शरद् ऋतूंत आर ८० जी/एस ही गाडी लोकांपुढें आली. तिच्या नांवांतील पहिलें अक्षर रानजमिनीचें, दुसरें रस्त्याचें. आणि दोहोंमध्यें तिरकी रेघ. ७९७ सीसीचें इंजिन, ५० अश्वशक्ति, ताशीं १६८ किलोमीटरांचा वेग, आणि भरल्या टांकीसह १८६ किलो वजन. मागील चाक एकाच बाजूच्या बाहूवर धरलेलें असल्यामुळें चाक काढणें सोपें झालें आणि वजनहि वांचलें. साखळीच्या जागीं दांडा असल्यामुळें तेल घालणें, ताणणें, तुटणें या कटकटी गेल्या. आडवाटेच्या कसलेल्या स्वारांनीं ती जड म्हणून नाक मुरडलें, आणि तें खोटें नव्हतें. पण लांबच्या प्रवाशाला ती आपली वाटली. सात वर्षांत एकवीस हजारांहून अधिक गाड्या बनल्या, आणि बंद पडूं पाहणारा विभाग तरला.

डाकारच्या शर्यतीनें या गाडीची कीर्ति वाढविली. १९८१ आणि १९८३ सालीं उबेर ओरिओल, १९८४ आणि १९८५ सालीं बेल्जियमचा गास्तों राहिए हे बीएमडब्ल्यूवर जिंकले. राहिए हा लहान चणीचा. शर्यतीच्या त्या उंच गाडीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला पुरते पोहोंचत नसत. तरी तो जिंकला. कारण लहान गाड्यांच्या चिखलशर्यतींत तीन वेळां जगज्जेता झालेला तो कसबी होता. परंतु येथेंच सामान्य ग्राहकाची पहिली फसगत सुरू झाली. राहिएची गाडी विकत घेतां येई. राहिएचें कसब विकत मिळत नसे.

१९८६ पासून होंडाच्या दुहेरी सिलिंडरांच्या ७५० गाड्यांनीं लागोपाठ चार वर्षें ही शर्यत जिंकली. वेग वाढला, टांक्या मोठ्या झाल्या, आणि त्या प्रमाणांत संकटेंहि वाढलीं. १४ जानेवारी १९८६ रोजीं स्वतः साबीन मालीमध्यें हेलिकॉप्टरच्या अपघातांत आणखी चौघांसह मरण पावला. १९८७ सालीं ओरिओल सर्वांच्या पुढें असतां, शर्यत संपत आली असतांना पडला आणि त्याचे दोन्ही घोटे मोडले. तशाच पायांनीं त्यानें त्या दिवसाचा मुक्काम गांठला. पण पुढें जाणें शक्य नव्हतें, आणि विजय नेव्हूकडे गेला. ज्यांचा तो धंदा होता, त्यांनाहि मोठ्या गाडीनें आपली किंमत मागितली ती अशी.

बाजारांत मात्र या विजयांची भुरळ पडली. १९८८ सालीं होंडानें आफ्रिका ट्विन काढली. बीएमडब्ल्यूनें १९८७ सालीं आर १०० जीएस आणली, तेव्हां नांवांतील ती तिरकी रेघ गळून पडली. १९९४ च्या सुमारास आलेली आर ११०० जीएस ८० अश्वशक्तीची, पण २४३ किलोंची झाली. २०१८ ची आर १२५० जीएस १३६ अश्वशक्तीची आणि २४९ किलोंची. म्हणजे पूर्वजेपेक्षां ६३ किलोंनीं अधिक. एक धडधाकट माणूस कायमचा मागें बसविल्यासारखेंच तें झालें. २०२३ सालीं आलेल्या आर १३०० जीएसचें वजन २३७ किलोंवर आणलें गेलें, तेव्हां कारखान्यालाहि या ओझ्याची जाणीव झाली होती असें दिसतें.

सर्वांनींच हा मार्ग धरला असें नाहीं. १९८७ सालीं कावासाकीनें केएलआर ६५० ही एका सिलिंडराची, पाण्यानें थंड होणारी, सुमारें २३ लिटरांच्या टांकीची गाडी काढली आणि तीन दशकें ती थोड्याफार फरकानें तशीच चालविली. दिसावयास ती ओबडधोबड. पण स्वस्त आणि सोशिक. अमेरिकेच्या नौसैनिक दलानें हिचाच सांगाडा घेऊन डिझेलवर चालणारी गाडी करून घेतली. कारण रणभूमीवर सर्व वाहनांना एकच इंधन असावें, असें सैन्याचें धोरण होतें. आकर्षक यंत्र आणि उपयोगी यंत्र यांतला भेद या एका निवडीवरून कळतो.

२००४ सालीं घडलेली एक हकीकत या दृष्टीनें फार बोलकी आहे. इवान मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून, युरोप, कझाकस्तान, मंगोलिया व सैबेरिया या मार्गानें न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या आणि त्यांचा चित्रणकार क्लॉडिओ फॉन प्लांटा याच्या गाड्या बीएमडब्ल्यू आर ११५० जातीच्या, सामानानें लादलेल्या. मंगोलियाच्या चिखलांत आणि ओढ्यांत त्या वारंवार पडूं लागल्या, आणि प्रत्येक वेळीं त्या उचलतांना माणसें मेटाकुटीस आलीं. अखेर चित्रणकाराची गाडी दुरुस्तीस सांपडली, तेव्हां त्यानें तेथेंच एक लाल रंगाची, रशियन बनावटीची, ३५० सीसीच्या आसपासची इझ मोटारसायकल विकत घेतली. ती साधी होती, तिचे लाड कोणी केले नव्हते. पण त्या चिखलांतून ती हलकेपणानें निघून जाई. या प्रवासाचीं चित्रें जगभर पाहिलीं गेलीं आणि त्यानंतर मोठ्या बीएमडब्ल्यूची मागणी वाढली. लाल इझची आठवण थोड्यांनींच ठेविली. मनुष्यस्वभावाचें नवल तें हेंच.

शर्यतीनें मात्र आपला धडा गिरविला. वेग आणि मृत्यु यांचा मेळ पाहून डाकारच्या नियामकांनीं इंजिनाचें आकारमान हळूहळू आवळलें, आणि २०११ पासून सर्व मोटारसायकलस्वारांना ४५० सीसीची मर्यादा घातली. ती शर्यत २००९ सालीं दक्षिण अमेरिकेंत आणि २०२० सालीं सौदी अरेबियांत गेली, तरी ही मर्यादा कायम राहिली. जगांतील सर्वांत कठीण आडवाट ज्यांना सर्वांत लवकर ओलांडावयाची आहे, त्यांच्या हातीं आतां एका सिलिंडराची गाडी असते, आणि तिचें इंजिन नेव्हूच्या १९७९ च्या इंजिनापेक्षांहि लहान असतें.

प्रवाशाचें गणित शर्यतीच्या गणिताहून निराळें, हें खरें. टेड सायमन या इंग्रज लेखकानें १९७३ ते १९७७ या काळांत ५०० सीसीच्या ट्रायंफ टायगर गाडीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली; त्या प्रवासांत हिंदुस्थानहि होता. ती गाडी मुळांत रस्त्याचीच. आडवाटेसाठीं तिची घडणच नव्हती. ती अनेकदां बिघडली, आणि प्रत्येक बिघाडानें त्याला नवीं माणसें भेटविलीं. २००१ सालीं वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर तो पुन्हां त्याच वाटेनें निघाला, तेव्हां त्यानें निवड केली ती बीएमडब्ल्यूच्या जुन्या, साध्या ८० जीएस घराण्यांतील गाडीची. बाजारांत त्याहून बलवान् आणि नवीं यंत्रें होतीं. पण अनुभवी माणसानें सोसेल तेवढेंच ओझें घेतलें.

भारतांत या जातीची गाडी उशिरां रुजली. लडाखच्या खिंडी ओलांडणारे स्वार कित्येक वर्षें बुलेटवरच भिस्त ठेवून असत. २०१६ सालीं रॉयल एन्फील्डनें हिमालयन ही ४११ सीसीची गाडी आणली. शक्ति अवघी साडेचोवीस अश्वशक्तीची, पुढचें चाक २१ इंची, बैठक ८०० मिलिमीटर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय टेकतील अशी. आणि वजन १८२ किलो, जवळजवळ १९८० च्या जी/एस एवढें. महामार्गावर ती संथ वाटे, आणि उंचीवर आणखीच संथ. कारण पांच हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारें तीन-पंचमांशच उरते, आणि इंजिनाला श्वास पुरत नाहीं. ही तक्रार ध्यानांत घेऊन २०२३ सालीं ४५२ सीसीची, ४० अश्वशक्तीची नवी हिमालयन आली. तिचें वजन १९६ किलो. पुण्याजवळ चाकण येथें बजाज ऑटोच्या कारखान्यांत ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या लहान गाड्या तयार होऊं लागल्या होत्याच. त्यांतूनच ३७३ सीसीची ३९० ॲडव्हेंचर २०२० सालीं निघाली. आडवाटेची गाडी अशा रीतीनें सह्याद्रीच्या पायथ्याशींच घडूं लागली. जांभ्या दगडाची पावसाळी निसरड आणि देशावरची काळी चिकण माती या दोन कसोट्या तिच्या दाराशींच आहेत.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा कीं, मोठी गाडी वाईट आणि लहान चांगली, असा सरळ निवाडा येथें लागू पडत नाहीं. ज्याची वाट दहांत नऊ हिस्से डांबरी आहे, ज्याला मागें सहप्रवासी व सामान न्यावयाचें आहे आणि दिवसाला पांचशें किलोमीटर तोडावयाचे आहेत, त्याला मोठें दुहेरी इंजिनच सुख देईल. एका सिलिंडरावर तो संध्याकाळपर्यंत मोडून येईल. पण ज्याला खरोखर नदींत उतरावयाचें आहे, आणि तेंहि एकट्यानें, त्यानें अश्वशक्तीचा आंकडा शेवटीं वाचावा. प्रथम त्यानें गाडीची टांकी भरावी, नेहमींचें सामान लादावें, आणि भरंवशाचा माणूस जवळ असतां ती मऊ जमिनीवर हलकेच आडवी करावी. मग ती एकट्यानें उचलून पाहावी. एकदां नव्हे, तीनदां. बैठकीवरून दोन्ही पाय टेकतात काय, तें पाहावें. चाकाला पंक्चर झाल्यास तें आपल्या हातानें निघतें काय, तेंहि पाहावें. हीं तीन कामें ज्या गाडीच्या बाबतींत साधतात, ती त्याची गाडी. मग तिच्यावर कोणाच्याहि विजयाची मुद्रा असो वा नसो.

बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनीं रान आणि रस्ता या दोन अक्षरांमध्यें जी तिरकी रेघ ओढली होती, ती आपल्या पुरती कोठें ओढावयाची, हें प्रत्येक स्वारानें स्वतःच ठरवावें लागतें. दुकानांत उभें राहून तें ठरविणें सोपें वाटतें. खरा निकाल लागतो तो दूर रानांत, दिवस कलत असतां, गाडी आडवी पडलेली असतांना. आणि त्या वेळीं हांक मारण्यासारखें जवळ कोणी नसतें.